पश्चिमेचा हॉल, सागवानी दारं आणि सेज ग्रीन: शेड, प्रमाण आणि भिंतीची तयारी

प्रश्न असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट. हॉल सोळा बाय बारा, तोंड पश्चिमेला, पुढं बाल्कनी. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड, दारं सागवानी पण चौकटींना चॉकलेटी ऑइल पेंट. हॉलला सेज ग्रीन द्यायचा आहे. सासूबाईंना दवाखान्यासारखं दिसेल अशी धास्ती आहे. रंगारी म्हणतो, पांढऱ्या डब्यात स्टेनर, म्हणजे बाटलीतला दाट रंग, टाकून हवा तसा करून देतो. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. शेड कोणती घ्यावी, रंग किती लागेल, आणि काम गणपतीच्या आधी उरकावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: गणपतीच्या आधी नको. कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि जून ते सप्टेंबर तुमच्या बाहेरच्या भिंती पाणी पिऊन असतात. आत हवा इतकी दमट असते की इमल्शनचा एक हात चार तासांत सुकायचा तो रात्रभर ओलसर राहतो. त्यावर दुसरा हात दिला की रंगातले साबणासारखे घटक वर येतात आणि भिंतीवर चिकट, तपकिरी ओघळ दिसतात. पांढऱ्या भिंतीवर ते खपून जातील, करड्या हिरव्यावर लगेच दिसतात. दसरा-दिवाळीच्या मधला काळ हवेच्या दृष्टीनं बरा असतो, पण त्या वीस दिवसांत प्रत्येक रंगाऱ्याकडं तीन-चार घरं एकदम असतात आणि दोन्ही हात एकाच दिवशी मारून मंडळी पुढच्या घरी जातात. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत काम काढा. रंगारी निवांत असतो, भिंत कोरडी असते.

आता शेड. सेज ग्रीन म्हणजे हिरव्यात भरपूर राखाडी आणि थोडा पिवळा. निलगिरीच्या जुन्या पानावर जी धुरकट झाक असते तसा. राखाडी जास्त असल्यामुळं हा रंग स्वतःच्या जोरावर फार कमी उभा राहतो. समोरून येणारा उजेड आणि शेजारी ठेवलेली वस्तू त्याला वाट्टेल तिकडं ओढून नेते. म्हणून तो शेडकार्डावर ठरत नाही, तुमच्या भिंतीवर ठरतो. उत्तरेच्या खोलीत तो निळसर राख दिसेल, तोच डबा पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पाचला ऑलिव्हकडं झुकेल.

तुमच्या हॉलमध्ये दुपारपर्यंत थेट ऊन नाही आणि वर बाल्कनीचा स्लॅब आहे, म्हणजे सकाळी रंग आहे त्याहून गडद आणि करडा दिसणार. तीन वाजल्यापासून पिवळं ऊन आत येणार. रात्री घरात वॉर्म दिवे असतील तर तेही पिवळंच ढकलणार. दोन्ही वेळचा उजेड पिवळा असताना पिवळट झाक असलेली सेज घेतली तर ती संध्याकाळी मळकी दिसते. त्यामुळं तुमच्यासाठी मधली, ना पिवळी ना निळी अशी राखाडी झाक घ्या. निळसर टोकाला मात्र जाऊ नका, कारण पावसाळ्याच्या चार महिन्यांत ढगाळ उजेडात ती भिंत ओल्या सिमेंटसारखी उदास होते.

झाक ओळखायची सोपी रीत आहे. शेडची पट्टी शुभ्र कागदावर ठेवा आणि शेजारी त्याच घराण्यातल्या दोन-तीन सेज ठेवा. एकटी पाहिली की सगळ्या सारख्याच वाटतात, शेजारी ठेवल्या की कोणती पिवळी आणि कोणती निळी ते आपोआप कळतं.

उजळपणासाठी एलआरव्ही हा आकडा पाहा. भिंत किती उजेड परत फेकते त्याचं हे माप, काळ्याला शून्य आणि शुभ्राला शंभर. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर शेडच्या माहितीत तो मिळतो. पुढं बाल्कनी असलेल्या हॉलला ५० ते ६० च्या दरम्यानची सेज घ्या. चाळीसच्या खाली गेलात तर दिवसाही दिवा लावावा लागेल, सत्तरच्या वर गेलात तर दुपारी भिंत पांढरीच वाटेल. आणि कार्डावर जी आवडली तिच्यापेक्षा एक पायरी फिकी आणि एक पायरी राखाडी घ्या. चार भिंती समोरासमोर आल्या की एकीचा हिरवा उजेड दुसरीवर पडतो आणि खोलीत रंग कार्डापेक्षा गडद नि हिरवा होतो. अनेकांचा अंदाज चुकतो तो इथंच.

दोन शेडचे छोटे सॅम्पल आणा, पण ते थेट जुन्या भिंतीवर मारू नका. जुना पिवळा किंवा गुलाबी रंग शेजारी असला की डोळा फसतो. दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडू नका, आणि पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी नऊ, दुपारी साडेचार आणि रात्री दिवे लावून पाहा. एकदा बाल्कनीसमोरच्या भिंतीवर, एकदा बाल्कनीच्या लगतच्या कोपऱ्यात. त्याच वेळी पुठ्ठ्याचं एक टोक फरशीला आणि एक टोक सागवानी दाराला लावून बघा. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि सुकल्यावर थोडं गडद होतं, त्यामुळं निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या.

सासूबाईंची भीती निराधार नाही. दवाखान्याचा हिरवा मुद्दाम आणलेला रंग आहे. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन या शल्यविशारदानं शस्त्रक्रियेची खोली हिरवी करून घेतली, कारण पांढऱ्या भिंतींच्या झगझगाटात आणि रक्ताच्या लाल रंगाकडं सतत पाहून डोळे दिपत होते. हिरवा लालाच्या विरुद्ध बाजूचा, म्हणून डोळ्याला विसावा मिळायचा. पुढं तो सगळीकडं पसरला. आपल्याकडं त्याचा जो अवतार डोळ्यांत बसला आहे तो म्हणजे निळसर पिस्ता, खाली चार फूट चकचकीत ऑइल पेंट, वर पांढरी ट्यूबलाइट. यातल्या तीन गोष्टी टाळल्या की दवाखाना राहत नाही: निळसर झाक, चकाकी आणि थंड दिवा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर. ६५०० केल्विनचा कूल डेलाइट एलईडी चांगल्यात चांगल्या सेजला आजारी करतो. ३००० केल्विनचे, आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा त्याहून जास्त असलेले दिवे घ्या. स्वस्त एलईडीत लाल उजेड कमी असतो, त्याखाली हिरवा राखेसारखा आणि माणसांचे चेहरे फिक्कट दिसतात. अभ्यासाच्या टेबलाला ४००० चालेल.

एकच भिंत सेज आणि बाकी तीन पांढऱ्या, असा सल्ला हमखास मिळेल. या रंगाला तो मानवत नाही. शुभ्र पांढऱ्याला खेटून उभा केला की सेजमधला हिरवा उठून येतो आणि ज्या मवाळपणासाठी तुम्ही तो निवडला तोच जातो. चारही भिंती द्या. छताला शुभ्र नको, किंचित ऊबदार ऑफ व्हाइट घ्या. बाजारातल्या बऱ्याच शुभ्र रंगांत निळीची छटा असते आणि तिच्याखाली सेज कळकट दिसते.

रंगाऱ्याचा स्टेनरचा प्रस्ताव मात्र नम्रपणे, पण ठामपणे नाकारा. फिका पिवळा किंवा साधा आकाशी स्टेनरनं जमून जातो. सेजमध्ये काळा, पिवळा ऑक्साइड आणि हिरवा असे निदान तीन रंग असतात आणि त्यातल्या काळ्याचे दोन थेंब इकडं-तिकडं झाले की सगळी झाक बदलते. पहिली बालदी संपल्यावर दुसरी तशीच जुळवणं हाताला शक्य नाही. दुकानातल्या टिंटिंग मशीनवरच, म्हणजे मापून रंग मिसळणाऱ्या यंत्रावरच, बनवून घ्या. डब्यावर जो स्टिकर लागतो त्याचा फोटो काढून ठेवा. त्यात शेडचा कोड, बेस (ज्यात रंग मिसळतात तो मूळ रंग) आणि प्रत्येक रंगाचं प्रमाण असतं. आणि एक: २०० मिलीच्या सॅम्पलवर भरवसा ठेवून मोठा डबा डोळे झाकून घेऊ नका. इतक्या छोट्या मापात मशीनला थेंबाचेही अंश मोजावे लागतात, त्यामुळं सॅम्पल आणि चार लिटरचा डबा यांत थोडा फरक पडू शकतो. डबा उघडून पुठ्ठ्यावर एक फटकारा मारून ताडून घ्या, मगच भिंतीला हात लावा.

किती लागेल ते मोजू. हॉलची परिमिती ५६ फूट, उंची साडेनऊ धरली तर ५३२ चौरस फूट. यातून बाल्कनीचा स्लायडर ६ बाय ७ म्हणजे ४२, मुख्य दार साडेचोवीस, पॅसेजची मोकळी कमान ४ बाय ७ म्हणजे २८ आणि खिडकी ५ बाय ४ म्हणजे २० वजा करा. राहिले साधारण ४१७. तुमची मापं वेगळी असतील तर अशीच वजाबाकी करा. कंपनी पत्रकात लिटरला जे क्षेत्र छापते ते गुळगुळीत भिंतीवरचं असतं. घरात दोन हातांसाठी लिटरला ६० चौरस फूट धरा. म्हणजे सात लिटर. चार-चार लिटरचे दोन डबे एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या. एक लिटर शिल्लक राहील आणि ते लागणारच आहे. काम सुरू करण्याआधी दोन्ही डबे एका मोठ्या स्वच्छ बालदीत ओतून ढवळा आणि मग परत डब्यांत भरा. दोन डब्यांतला सूक्ष्म फरक भिंतीच्या मध्यावर उघडा पडतो, तो असा मारला जातो. वॉटर बेस प्रायमर चार लिटर पुरेल. पुट्टी संपूर्ण भिंतीला दोन हात द्यायची असेल तर किलोला २० चौरस फूट धरून एकवीस किलो. जुनी पुट्टी घट्ट असेल आणि फक्त खड्डे-भेगा भरायच्या असतील तर पाच किलोची पिशवी पुष्कळ झाली.

पश्चिमेच्या हॉलला भिंतीचं घासकाम हा खरा कसोटीचा भाग आहे. मावळतं ऊन बाल्कनीतून तिरपं शिरतं आणि बाजूच्या भिंतीवरून सरपटत जातं. पुट्टीच्या पत्र्याचा प्रत्येक फटकारा, प्रत्येक उंचवटा त्यात सावली टाकतो. दिवसा समोरून पाहून भिंत पास करू नका. रात्री हॉलचे दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा आणि उजेड भिंतीवरून आडवा जाऊ द्या. जिथं सावलीची लाट दिसेल तिथं पेन्सिलीनं गोल करा, रंगाऱ्याला सकाळी तेवढ्याच जागा पुन्हा पुट्टी लावून १८० आणि मग २२० च्या पॉलिश पेपरनं घासायला सांगा. घासून झाल्यावर भिंत कोरड्या फडक्यानं पुसायलाच हवी. पुट्टीची पूड राहिली तर प्रायमर तिला धरतो, भिंतीला धरत नाही, आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. पुट्टीवर प्रायमर टाळून थेट रंग मारला तर भरलेल्या जागा रंग जास्त शोषतात आणि तिथं फिके चट्टे दिसतात. या रंगावर ते झाकले जात नाहीत.

फिनिश मॅटच घ्या, पण धुता येणारा. चकाकीचा रंग तिरप्या उन्हात भिंतीचे सगळे दोष दाखवतो. मॅटचा तोटा हा की स्विचजवळ आणि सोफ्याच्या पाठीमागं सतत घासलं की ती जागा गुळगुळीत होऊन चमकते. तिथं सोफा भिंतीपासून तीन इंच पुढं ओढा. पॅसेज आणि स्वयंपाकघराला मात्र सॅटिन, म्हणजे हलकी चमक असलेला. तांबड्या रश्शाचा कट किंवा हळदीची फोडणी मॅट भिंतीवर उडाली तर डाग निघताना रंगही निघतो.

लावताना पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापून. रंग पुरवायला म्हणून पाणी वाढवलं की दुसऱ्या हातानंतरही खालचा जुना रंग डोकावतो. पश्चिमेची भिंत सकाळी घ्या, ती तापण्याआधी. पंखे बंद. एका माणसानं ब्रशनं कोपरे आणि छताची कड काढायची आणि दुसऱ्यानं ती कड ओली असतानाच रोलर चालवायचा. पूर्ण खोलीच्या कडा आधी आणि रोलर दुपारी, असं केलं तर सुकल्यावर सगळीकडं फोटोफ्रेमसारखी गडद किनार दिसते. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत संपवूनच चहाला उठायचं. दोन हातांमध्ये सहा तास, शक्यतो एक रात्र. महिनाभर भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका, तोवर रंगाचा थर पूर्ण पक्का झालेला नसतो.

बेडरूमची ओल हा वेगळा विषय आहे आणि तो रंगानं सुटत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधा. पावसाळ्यात दीड बाय दीड फुटाचा प्लॅस्टिक कागद चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला आले तर दमट हवा गार भिंतीवर बसतेय. पहिल्या प्रकारात बाहेर जा. पश्चिमेच्या भिंतीत बहुतेक वेळा दोषी ठरतात त्या जागा ठरलेल्या: खिडकीवरचा छज्जा भिंतीला मिळतो तो सांधा, खिडकीची बाहेरची पट्टी आत उताराची असणं, छज्ज्याखाली पाणी गळून पडायची खाच नसणं, एसीच्या पाइपचं भोक, आणि बीम व वीटकाम यांच्या सांध्यावरची आडवी भेग. हे काम एप्रिल-मे मध्ये, भिंत पूर्ण कोरडी असताना करायचं. सोसायटीची इमारत असेल तर आधी चेअरमनशी बोला, बाहेरचा झोपाळा बांधायचा तर परवानगी लागेल.

आतून फक्त वॉटरप्रूफ कोट मारला तर पाणी अडून बाजूला सरकतं आणि पुढच्या पावसात दोन फूट पलीकडं पोपडे येतात. बाहेरचं बंद झाल्यावर आतला फुगलेला गिलावा ओलीच्या डागापलीकडं फूटभर जास्त काढा. उघड्या विटांवरचा पांढरा खार आधी कोरड्या ब्रशनं झाडून बाहेर टाका. पाण्यानं धुतला तर तो विरघळून परत भिंतीत शिरतो. मग एकास चार सिमेंट-वाळूचा गिलावा वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून, सात दिवस पाणी, आणि त्यानंतर किमान २८ दिवस काही नाही. ताजा सिमेंटचा गिलावा इतका क्षारयुक्त असतो की त्यावर घाईनं मारलेल्या रंगातले काही घटक जळतात आणि तेवढाच तुकडा वेगळा दिसतो. तिथं क्षार सोसणारा प्रायमर वापरा. एक पावसाळा भिंत तशीच, फक्त प्रायमरवर ठेवायची तयारी असेल तर उत्तम. कोरडी राहिली की सेज द्या. ज्यांच्या तळमजल्यात २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी आलं होतं त्यांनाही हेच लागू आहे, त्या रेषेपर्यंतच्या गिलाव्यात अजून क्षार असू शकतात.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या, माती-चुन्याच्या जाड भिंतींना यातलं काहीच लावू नका. पुट्टी आणि अॅक्रेलिक इमल्शन त्या भिंतींचा श्वास कोंडतं आणि ओल आतच राहून गिलावा कुजतो. तिथं भिजवलेला, मुरलेला चुना घ्या आणि त्यात क्रोमियम ऑक्साइड हिरवा, पिवळी माती आणि कणभर काळा ऑक्साइड टाका. चुन्यात टिकतात ते मातीचे आणि ऑक्साइडचेच रंग. सगळे मिळून चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका, नाहीतर भिंत हाताला लागते. पातळ तीन-चार हात, प्रत्येक वेळी भिंत आधी ओलावून. चुना सुकल्यावर बराच फिका होतो, म्हणून बालदीत गडद वाटला तरी घाबरू नका. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

आजूबाजूचं सामान. सागवानाला नुसता मॅट मेलामाइन (लाकडाचं पारदर्शक पॉलिश) असेल तर सेजशेजारी तो सुरेख दिसतो, कारण हिरवा लाकडातला लालसरपणा वर आणतो. याच कारणानं चेरी किंवा महागनी रंगाचा सनमायका भडक होतो. तुमच्या चॉकलेटी चौकटी बदलाच. ऑइल पेंट खरवडून खाली लाकूड चांगलं निघालं तर पॉलिश, नाहीतर छताचाच ऑफ व्हाइट. क्रीम फरशीत गुलाबी छटा असेल तर ती सेजमुळं जास्त दिसेल, त्यावर कोऱ्या सुती किंवा तागाच्या रंगाची सतरंजी टाका. पडदे हिरवे घेऊ नका, दोन हिरवे कधीच जुळत नाहीत. न धुतलेल्या कोऱ्या खादीचा रंग, गेरू किंवा मोहरीचा पिवळा चालतो. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा तो तेलकट तांबूस तपकिरी रंग या भिंतीला फार शोभतो. खुर्चीची बैठक किंवा एखादं स्टूल त्या कातड्याचं करून घ्या. पितळेची समई, तांब्याचा हंडा यांनाही ही भिंत उठाव देते. देव्हाऱ्यामागं धूप-उदबत्तीची काजळी बसते, तिथं दोन बाय तीन फुटांची सागवानी किंवा दगडी पाटी लावा.

उरलेला लिटर छोट्या, काठोकाठ भरणाऱ्या हवाबंद डब्यात ओता, झाकणावर शेडचा कोड, तारीख आणि खोलीचं नाव लिहा, आणि गच्चीवर न ठेवता घरात सावलीला ठेवा. वर्ष-दीड वर्षानं डाग झाकायचा झाला तर खिळ्याच्या भोकाएवढी जागा ब्रशच्या टोकानं जमते. हाताच्या पंज्याएवढा डाग असेल तर मधेच ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत एक हात मारून घ्या.